पोलीस भरती अकॅडमीत 10 महिने, मग खरं ट्रेनिंग : माझा हिशेब

पोलीस शिपायाचं ट्रेनिंग संपवून घरी आले, तर तालुक्याच्या स्टँडसमोर फ्लेक्स. 'आमचे यशस्वी विद्यार्थी', आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे 143 चेहरे. शेवटून दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी मी. नाव बरोबर, जिल्हा चुकलेला. 143 पैकी निदान तीसजण तिथे फक्त रविवारच्या सराव पेपरला यायचे हे मला माहीत आहे, पण फ्लेक्सवर कोण कुठल्या वाराला यायचं ते लिहीत नाहीत.

त्या फ्लेक्समुळे गावातल्या पाच-सहा पोरींच्या घरून फोन आले. "ताई, अकॅडमी कशी आहे? लावावी का?" प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नाव घालत नाही. चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय, आणि अकॅडमीचे सर अजून रस्त्यात भेटले की चहाशिवाय सोडत नाहीत.

एक आधीच सांगते. अकॅडमीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते निवड यादी लागलेल्या आठवड्यात लिहिलेलं असतं, डोक्यात गुलाल असतो तेव्हा. ट्रेनिंग करून परत येऊन कोणी लिहीत नाही. म्हणून हा हिशेब जरा वेगळा निघेल.

मी लावली तेव्हा 28 वर्षांची होते, पोरगी चार वर्षांची. जानेवारी 2023 च्या मैदानाला, म्हणजे भरतीच्या शारीरिक चाचणीला, मी घरच्या घरी तयारी करून गेले होते. कॅनॉलच्या कडेनं पहाटे पळायचं आणि गोळा म्हणून दिराच्या वजनकाट्याचं माप फेकायचं. मैदानात 50 पैकी 27 पडले. पात्र व्हायला 25 लागतात, म्हणजे पात्र झाले. पण लेखीला एका जागेमागे दहाजण बोलावतात, त्या यादीत 27 वाल्याला कोण विचारतो? घरी आले आणि आत्यांना, म्हणजे सासूबाईंना म्हटलं, झालं, नाही जमत. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पोरगी मी बघते. तू नीट शिकून ये कुठंतरी." बचत गटाचं 40 हजार कर्ज काढलं आणि ऑगस्टमध्ये ट्रंक घेऊन गेले.

फी राहून-खाऊन महिना 7,000. नुसतं मैदान आणि क्लास केला तर 1,500. पावती मागितली तर कोऱ्या वहीच्या कागदावर मिळते. राहायला पत्र्याचा एक हॉल, त्यात आम्ही 22 जणी, बाथरूम दोन. पहाटे साडेचारला शिट्टी व्हायची, म्हणजे साडेतीनपासून बादल्यांची रांग. माझी पहिली बादली तिसऱ्या दिवशी गेली ती गेलीच.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वरण असं की ताटाची नक्षी दिसावी. अंडी वेगळे पैसे देऊन. दिवसातून दोनदा पळणाऱ्या पोरींना हे पुरत नाही, म्हणून सगळ्या घरून शेंगदाण्याचे लाडू आणायच्या आणि ट्रंकेला कुलूप लावायच्या.

आता मैदान. इथे मात्र सरांना मानलं पाहिजे.

मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळा. 800 ला 20 मार्क, बाकी दोन्हीला पंधरा-पंधरा. 800 मध्ये पूर्ण मार्क हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत यायचं, आणि नंतरच्या दहा सेकंदांतच दोन मार्क जातात. त्यामुळे सरांचं घड्याळ म्हणजे देव्हारा. मी पहिल्या दिवशी पळाले ती कॅनॉलवर पळायचे तशी, सुरुवातीलाच जीव तोडून. पहिले 300 झाले आणि पायात सिमेंट भरलं. सर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका बारक्या पोरीला माझ्या पुढे सोडलं आणि म्हणाले, "हिला ओलांडायचं नाही. शेवटचे 200 राहिले की मग बघ." महिनाभर मी त्या पोरीच्या वेणीकडे बघत पळाले. त्या एका वेणीनं माझे 20 सेकंद कमी केले.

एक गोची होती. अकॅडमीचं मैदान म्हणजे भाड्यानं घेतलेलं रान, त्यात फक्कीनं आखलेला 300 मीटरचा ट्रॅक. म्हणजे 800 साठी अडीच फेऱ्यांच्या वर थोडं. शेवट कुठे येतो ते अंगात मुरलं आणि खऱ्या मैदानावर 400 चा ट्रॅक आला तेव्हा वळण संपता संपेना. ज्यांच्या अकॅडमीत असला ट्रॅक असेल त्यांनी महिन्यातून एकदा तरी जिल्ह्याच्या स्टेडियमवर जाऊन दोन पूर्ण फेऱ्या मारून याव्यात.

गोळा मात्र सरांनी जसा शिकवला तसा मी नंतर कुठेच बघितला नाही. मुलींचा गोळा 4 किलोचा, मुलांचा 7.260. मी आले तेव्हा माझा 4 मीटर 10 जायचा. पूर्ण मार्काला 6 मीटर लागतात. मला वाटायचं दंडात ताकद नाही. सरांनी पहिले पंधरा दिवस गोळ्याला हातच लावू दिला नाही. ओल्या मातीचे गोळे करायला लावले, साधारण नारळाएवढे, आणि समोरच्या भिंतीवर कोळशानं एक आडवी रेघ मारली. गोळा तळव्यात धरला की माती पसरायची, हात भरायचा. बोटांच्या बुडाशी धरला की आकार तसाच राहायचा. हे सांगून कळत नाही, माती हाताला लागली की कळतं. मग मानेला टेकवून, कोपर वर ठेवून ढकलायचं. कोपर पडलं की गोळा फेकला जातो, ढकलला जात नाही. फेकलेला मातीचा गोळा रेघेखाली फुटायचा आणि ढकललेला रेघेवर. संध्याकाळपर्यंत भिंत बघितली की कोणाचं कोपर पडतंय ते लांबून दिसायचं. माझा डाग दीड महिन्यानं रेघेवर गेला. आणि मग सर म्हणाले, आता पायानं ढकल. म्हणजे मागचा पाय आणि कंबर आधी वळते, हात शेवटी. त्या दिवशी खरा गोळा हातात आला आणि पहिलाच 5 मीटर 20 गेला. मी खाली बसून हसत सुटले.

2024 ची मैदानी चाचणी 19 जूनपासून सुरू झाली, ऐन पावसाच्या तोंडावर. माझी तारीख पावसानं एकदा पुढे गेली. वेळ मोजायची चिप लावून पळाले, 2 मिनिटं 56. गोळा 6 मीटर 5. एकूण 50 पैकी 45. म्हणजे ज्या कामाचे 7,000 घेतले ते काम त्यांनी चोख केलं. माझं रेटिंग इथे थांबलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण मधल्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

डिसेंबरात सरांनी डांबरी रस्त्यावर लाँग रनिंग सुरू केलं. आठवड्याभरात 3 किलोमीटरवरून एकदम 8. दहाव्या दिवशी माझी उजवी नडगी दुखायला लागली. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दुखतंय म्हणजे बसतंय." मुलींच्या हॉलमध्ये ते वाक्य भिंतीवर कोणीतरी खडूनं लिहिलं होतं आणि खाली झंडू बामची रिकामी डबी ठेवली होती, उदबत्तीसारखी. मीही बाम चोळून पळाले. मग दुखणं रात्रीपण थांबेना. एका बोटानं दाबलं तर बरोबर एकाच जागी जीव जायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. ते म्हणाले, हाडाला बारीक चीर जायला लागली असेल तर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. तीन आठवडे पळणं बंद. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागून येतं. आधी ते जुनं कुरतडतं, मग नवं भरतं, आणि मधल्या काळात उलट कच्चं असतं. तेवढ्यात भार दुप्पट केला की चीर पडते.

त्याच डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.2. बाईचं 12 च्या वर पाहिजे. मी चार महिने तिथे पळत होते आणि दम लागतो म्हणून स्वतःला शिव्या देत होते. अकॅडमीत कोणी एकदाही विचारलं नव्हतं. गोळ्या सुरू केल्या, डॉक्टरांनी सांगितलं की जेवणावर लगेच चहा पिऊ नका आणि गोळीबरोबर लिंबू घ्या. फेब्रुवारीत तीच मी, तोच ट्रॅक, आणि दम आपोआप पुरायला लागला. मी आल्यावर हॉलमधल्या सात जणी जाऊन रक्त तपासून आल्या. पाचजणींचं कमी निघालं. सर म्हणाले, "बरं झालं कळलं." तीन आठवडे मी घरी होते त्याची फी मात्र कापली नाही. मेसचे तरी परत द्या म्हटलं तर म्हणाले, तुझी कॉट अडलीच होती की. कॉट नव्हतीच, सतरंजी होती.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं लिहिते. मैदानाच्या महिनाभर आधी एक मुलगा कुठूनतरी ताकदीची इंजेक्शनं घेऊन आला होता. सरांनी त्याची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली आणि बापाला फोन केला. फ्लेक्सवर एक चेहरा कमी झाला असता तरी त्यांनी ते केलं. हे सगळीकडे होत नाही असं ऐकलंय.

आता ट्रेनिंग सेंटर. पोरींनो, इथून पुढचं नीट वाचा, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी मैदानावर 45 मार्क घेऊन आलेली, म्हणजे मनात होतं की पीटीत आपण पुढेच असणार. पहिल्याच आठवड्यात फ्रंट रोल, दोर, दंड म्हणजे पुश-अप. मी दहा महिने अकॅडमीत होते आणि एकही दंड मारला नव्हता. परीक्षेत दंड नाहीत ना! जे मार्कात नाही ते मैदानात नाही, असा तिथला कारभार. दोरावर मी एक फूट वर गेले आणि तिथेच लोंबकळले, खालून अख्खा स्क्वॉड बघतोय. माझ्या शेजारची एक कुस्ती खेळलेली पोरगी, भरतीत माझ्यापेक्षा सहा मार्क कमी, ती वरची गाठ हातानं वाजवून खाली आली. दोर चढायला हातापेक्षा पायाची पकड लागते, एका पायावरून दोर घेऊन दुसऱ्यानं दाबायचा, हे तिनंच मला रात्री कॉटच्या दांड्याला टॉवेल बांधून दाखवलं.

पण दोर परवडला. उभं राहणं नाही. सकाळी फॉलिन झालं, म्हणजे रांगेत उभं केलं, की सावधान. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग उस्ताद मॅडम, म्हणजे आम्हाला ड्रिल शिकवणाऱ्या, एकेकीची टोपी, नाडा, बक्कल बघत जाणार. ऊन पाठीवर. मी 800 मीटर 2 मिनिटं 56 सेकंदांत पळलेली बाई, तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या डोळ्यांपुढे पिवळं आलं आणि गुडघ्यावर आपटले. लाजेनं मरायची वेळ आली. मॅडमनी पाय वर करून सावलीत आडवं केलं आणि नंतर पूर्ण कंपनीपुढे समजावून सांगितलं. गुडघे मागे ताणून लॉक केले की पायातलं रक्त खालीच साचतं, वर डोक्याला कमी पडतं. चालताना पोटऱ्या पंपासारखं रक्त वर ढकलतात, उभं राहिलं की तो पंप बंद. मग करायचं काय? बुटाच्या आत बोटं हलवत राहायची. आत काय चाललंय ते बाहेरून कोणाला दिसत नाही. गुडघा केसभर सैल. आणि उपाशी पोटी, पाणी न पिता फॉलिनला यायचं नाही. त्या दिवसापासून दीक्षांत संचलनापर्यंत, म्हणजे पासिंग आउटपर्यंत, मी बुटात बोटं वाजवत उभी होते. अजून बंदोबस्ताला उभी राहिले की आपोआप बोटं हलतात.

मग ड्रिल बूट. अकॅडमीत आपण हलके स्पोर्ट शूज घालून पळतो. इथे जाड तळव्याचा बूट, टाच आपटायची, रोज, टणक जमिनीवर. पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचांच्या मागे फोड. सगळ्या पोरी फोड फोडून टाकतात, मीही फोडला, आणि बुटात चिखल झाला. मग शिकले : फोडाची कातडी राहू द्यायची, वर पट्टी, पातळ मोजा आत आणि जाड मोजा वर, म्हणजे घासणं दोन मोज्यांमध्ये होतं. बूट गेटसमोरच्या चांभारकाकांकडून आतून मऊ करून आणायचे. त्यांनी 60 रुपयांत टाचेच्या आत कातड्याचा तुकडा शिवून दिला. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये मी केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच.

चौथ्या आठवड्यात परत तीच उजवी नडगी. मी गप्प बसले. अकॅडमीची सवय, दुखतंय म्हणजे बसतंय. मॅडमनी कदमतालात, जागच्या जागी पावलं आपटताना, ओळखलं. बाहेर काढून विचारलं, हात फिरवल्यावर पूर्ण नडगी दुखते का एका बोटाच्या जागी? म्हटलं, एका बोटाच्या. सरळ सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी म्हणून नोंद. मी रडकुंडीला आले, मागे पडेन म्हणून. त्या म्हणाल्या, "आत्ता बसलीस तर पासिंग आउटला उभी दिसशील. आत्ता पळालीस तर पासिंग आउट टीव्हीवर बघशील." पूर्ण नडगी दुखते आणि अंग गरम झाल्यावर कमी होते ते वेगळं, एका बोटाच्या जागी दुखतं आणि रात्रीही दुखतं ते वेगळं. हा फरक सांगायला मॅडमना एक मिनिट लागलं. सरांना दहा महिन्यांत जमलं नाही.

रायफल हातात आली तेव्हा दंडांची उणीव परत कळली. चार किलोच्या वर वजन, तेच गोळ्याएवढं. पण गोळा तीन सेकंदात हातातून जातो आणि रायफल दोन पिरियड जात नाही. शिवाय दुपारी कायद्याचे वर्ग. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आल्यामुळे आम्हाला भारतीय न्याय संहितेची कलमं पाठ करायची, आणि शिकवणारे साहेब बोलता बोलता जुन्या कलमाचा आकडा टाकायचे. पहाटेपासून ड्रिल केलेल्या बाईला जेवणानंतर पंख्याखाली बसवून कलमं सांगणं हीसुद्धा एक शारीरिक चाचणीच. मी उभं राहून लिहायचे. बुटातली बोटं हलवत.

तर अकॅडमीला काय रेटिंग द्यायचं? मैदानाला पाच. जेवणाला दोन, तेही कांदा फुकट देतात म्हणून. दुखापतीच्या बाबतीत शून्य, आणि पैशाच्या पारदर्शकपणाला अर्धा. फी पाहता दहा महिने राहायची गरज नाही. ज्यांना घरून येऊन-जाऊन करता येईल त्यांनी 1,500 वालं चार-पाच महिने लावावं आणि वाचलेल्या पैशात दूध-अंडी खावीत. जाण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन बघून घ्यावं. संध्याकाळी सर गेल्यावर दंड मारावेत, सुरुवातीला भिंतीला टेकून का होईना. आणि एखादा कोणाचा जुना ड्रिल बूट मिळाला तर तो घालून घरात भांडी घासावीत. हसू नका, मी बहिणीला हेच करायला लावलंय.

परवा सरांना फोन केला होता. म्हटलं, सर, निवड झालेल्या पोरींसाठी ट्रेनिंगला जायच्या आधी एक महिन्याची बॅच काढा. दंड, दोर, बूट घालून उभं राहणं. मी सुट्टीत येऊन फुकट शिकवते. ते म्हणाले, "निवड झाल्यावर फी कोण भरतं गं?" मग थोडं थांबून म्हणाले, "बघू. तू ये तरी, चहा घेऊ." रस्त्यावरचं लाँग रनिंग आता कमी केलंय म्हणे, शेतातून पळवतात.

हे लिहितानाच अजून एक फोन आला. पलीकडच्या वस्तीवरची पोरगी, आवाज बारीक. मी सगळं सांगितलं, हिमोग्लोबिनपासून बुटापर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, गादी न्यावी लागते का?"

न्यावी लागते. आणि बादल्या दोन ने, नाव घालून.